ट्युलिपला पानं येतात, फूल का येत नाही? गोव्यातल्या कुंड्यांचा नेहमीचा प्रश्न

दर वर्षी जानेवारी संपत आला की मोबाइलवर तोच फोटो येतो. कधी डिचोलीच्या वहिनींकडून, कधी मडगावच्या मैत्रिणीकडून. तांबड्या मातीच्या कुंडीत निळसर झाक असलेली दोन-तीन रुंद पानं आणि मधे काहीच नाही. नाहीतर पानांच्या बेचक्यात अडकून वाळलेली, कागदासारखी पांढुरकी कळी. खाली प्रश्नही ठरलेला: "खत कमी पडलं का गं?"

खताचा इथे संबंध नाही. ट्युलिपच्या कंदात त्या हंगामाच्या फुलापुरती सगळी शिदोरी आधीच भरलेली असते. चांगला कंद नुसत्या पाण्यावर ठेवला तरी फुलतो. फोंड्याच्या घरी पहिली दोन वर्षं मी माती बदलली, शेणखत वाढवलं, कुंडी उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात हलवत राहिले. कशानेही फरक पडला नाही, कारण कंद कुंडीत जाण्याआधीच बिघाड होऊन चुकला होता. गोव्यात ट्युलिपचं खरं काम फ्रिजमध्ये होतं, तेही लावणीच्या आधी तीन-साडेतीन महिने. तिथली चूक नंतर कशानेही भरून निघत नाही.

कंदाला थंडी का लागते

ट्युलिपचं मूळ घर मध्य आशियातले डोंगर, तिआन शान पर्वताचा परिसर. तिथे उन्हाळा कोरडा, हिवाळा लांब आणि बर्फाचा, वसंत अगदी छोटा. कंदाने आपलं वेळापत्रक त्या हवेला बांधून घेतलं आहे. पानं वाळून गेल्यावर उन्हाळ्यात, १७ ते २० अंशांत, कंदाच्या पोटात पुढच्या वर्षीचं फूल तयार होतं: पाकळ्या, पुंकेसर, बीजकोश, सगळं, अगदी बारीक आकारात. मग १२ ते १६ आठवडे २ ते ९ अंशांची थंडी मिळाली, तरच त्या फुलाचा दांडा लांब होऊ शकतो. थंडी मिळाली नाही तर पानं कशीबशी बाहेर पडतात, दांडा मात्र वाढत नाही आणि कळी तळाशीच घुसमटून वाळते.

पणजीत जानेवारीची रात्र साधारण २० अंशांची आणि दुपार ३१-३२ अंशांची असते. सत्तरी, सांगे या आतल्या तालुक्यांत रात्री थोडा जास्त गारवा असतो, पहाटे धुकं पडतं, म्हणून तिकडचे लोक आशेने विचारतात, "आमच्याकडे जमेल ना?" अंगावर चादर घ्यावी लागते तो गारवा आपल्यासाठी. कंदाच्या हिशेबात तो मोजलाच जात नाही. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याची ट्युलिप बाग मार्चअखेर-एप्रिलात फुलते, कारण तिथले कंद अख्खा हिवाळा गार मातीत पडून असतात. दिल्लीत फेब्रुवारीत रस्त्याकडेला ट्युलिप दिसतात ते बाहेरून आणलेल्या कंदांचे, आणि दिल्लीच्या रात्री आपल्यापेक्षा कितीतरी थंड असतात. आपल्याला ही थंडी पूर्णपणे फ्रिजमधूनच द्यावी लागते. अंगणातल्या वाफ्यात थेट कंद पुरून फूल येणार नाही, हे मी स्पष्टच सांगते.

तारखा उलट्या मोजा

सगळ्यात जास्त कंद फुकट जातात ते याच ठिकाणी. ऑनलाइन दुकानांत ट्युलिपच्या जाहिराती डिसेंबरात जोर धरतात. लोकांना वाटतं, थंडी पडली, आता लावायची वेळ आली. पण डिसेंबरात आलेला साधा कंद १४ आठवडे फ्रिजमध्ये ठेवला तर बाहेर निघायला मार्चअखेर उजाडते. तेव्हा आपल्याकडे कुंडीतली माती दुपारी हात लावण्यासारखी राहत नाही.

माझा हिशेब सणांवर बसवलेला आहे. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुमारास मागणी नोंदवायची. सप्टेंबरअखेरपर्यंत, फार तर दसऱ्याला, कंद फ्रिजमध्ये गेलेच पाहिजेत. १ ऑक्टोबरला ठेवले तर १४ आठवडे ७ जानेवारीला पुरे होतात. पुढे तीन-चार आठवड्यांत, म्हणजे जानेवारीच्या शेवटाला किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फूल. गोव्याला जी काय थंडी मिळते ती हीच. १ नोव्हेंबरनंतर कंद हातात येणार असतील तर मी तरी त्या वर्षी घेत नाही.

"प्री-चिल्ड", म्हणजे आधीच थंडी दिलेले, कंद घेऊन वेळ वाचतो असं वाटतं. एका वर्षी मी तेच केलं. विक्रेत्याने कंद थंड खोलीत ठेवले असतीलही, पण पार्सल नऊ दिवस वाटेत होतं. मिळालेली थंडी आठवडाभर तिशीच्या उष्णतेत राहिली की पुसली जाते. आत वाढू लागलेल्या कळीलाही इजा होते. त्या डब्यातल्या निम्म्या कंदांना वाटेतच कोंब फुटून पिवळे पडले होते. असे कंद कोणी स्वतः हातोहात, गार डब्यातून आणून देणार असेल तरच घ्यावेत.

कंद आला की आधी एक कापा

दहा कंद मागवले असतील तर एकाचा मोह सोडायचा. मधोमध उभा कापायचा आणि भिंगातून बघायचं. तळाशी, मांसल थरांच्या मधे, इवलीशी फिकट पिवळी-हिरवी कळी दिसली पाहिजे. तिच्या मध्यभागी तीन कोपऱ्यांचा बीजकोश ओळखू आला तर फूल पूर्ण तयार झालेलं आहे, थंडी सुरू करायला हरकत नाही. कळी तपकिरी, कोरडी, सुरकुतलेली असेल किंवा तिच्या जागी पोकळी असेल तर कंद आतून मेलेला आहे. तो बाहेरून कितीही टणक दिसो. अशा वेळी कापलेल्या कंदाचा फोटो काढून त्याच दिवशी विक्रेत्याला पाठवा. जानेवारीत तक्रार केली तर उत्तर ठरलेलं असतं: "तुम्ही नीट लावला नाही."

आकारही मोजा. कंदाच्या पोटाभोवती शिंप्याची टेप फिरवा. घेर १२ सेंटिमीटर किंवा जास्त हवा; पाकिटावर तो १२/+ असा छापतात. १० ते १२ मधला चालून जातो. त्याखालच्या कंदाला बहुधा एकच मोठं पान येतं, आणि एकच पान आलं म्हणजे त्यात फूल नाही. फोटोत एकच पान दिसलं की मी पुढे काही विचारतही नाही. त्याला थंडीचा दोष नसतो, कंदच लहान असतो.

आणि कंदाच्या जागी बी आलं असेल तर? निळ्या, इंद्रधनुषी ट्युलिपची बियांची पाकिटं विकली जातात. शुद्ध निळा ट्युलिप नसतोच. बियांपासून फूल यायला थंड प्रदेशातसुद्धा पाच-सात वर्षं लागतात. त्या कुंडीत कोथिंबीर पेरा.

फ्रिजमध्ये कळी मरते ती केळ्यांमुळे

दुसऱ्या वर्षी मी १४ आठवडे मोजून थंडी दिली होती. पानं छान आली, दांडाही थोडा वर आला, आणि कळ्या वाळक्या, पांढऱ्या, कागदी. थंडी बरोबर होती. चूक शेजाऱ्यांची होती: त्याच कप्प्यात सफरचंदं, दाराच्या फळीवर कुळागरातली, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेतली, साळदाटी केळी, मधूनमधून चिकू. पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं. माणसाला त्याचा वासही येत नाही, पण बंद फ्रिजमध्ये तो साठतो आणि कंदातली कळी मारतो. टोमॅटो, पपई, पेरू, सगळे याच यादीत. दिवाळीच्या दिवसांत तर घरोघरी फ्रिज फळांनी भरलेला असतो, आणि नेमकी तीच कंदांची मधली वेळ.

चार महिने घरात फळंच ठेवू नका असं कोण सांगणार? मग उपाय दोन. एक म्हणजे फळं फ्रिजबाहेर ठेवणं. दुसरा, आणि मला पटलेला, म्हणजे जुना छोटा फ्रिज फक्त कंदांसाठी. आम्ही तीन घरांनी मिळून एक वापरलेला फ्रिज घेतला आहे. उरलेले महिने तो बंद असतो. बियर आणि पाण्याच्या बाटल्यांनी कंदाचं काही बिघडत नाही, बांगडे-मासळीनेही नाही. फक्त फळ नको.

बाकी काळजी थोडीच. कंद प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, आत पाणी सुटून बुरशी येते. कागदी पिशवीला चार भोकं पाडा किंवा कांद्याची जाळीची पिशवी वापरा. एक साधा थर्मामीटर कंदांशेजारी ठेवा: ४ ते ७ अंश उत्तम. मागच्या गार भिंतीला कंद टेकला की गोठतो आणि नंतर काचेसारखा होऊन विरघळतो. वीज चार-सहा तास गेली तर घाबरू नका, दार उघडू नका. तेवढ्याने थंडीचा हिशेब बिघडत नाही. आठवडाभर गावी जाताना फ्रिज बंद करून जाल, तर मात्र सगळं गेलं.

पिशवीवर मोठ्या अक्षरांत "खायचे नाहीत" लिहा. तपकिरी सालीचा हा कंद छोट्या कांद्यासारखाच दिसतो. आमच्या घरी आतेने एकदा दोन कंद फोडणीसाठी काढून विळीपर्यंत नेले होते. कंद विषारी आहे, मांजर-कुत्र्यांनाही. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात लोकांनी हे कंद खाल्ले, पण मधला पिवळा कोंब काढून आणि दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून. कंद बराच वेळ हाताळल्यावर काहींच्या बोटांना खाज येते, त्यांनी हातमोजे घालावेत.

शेवटचे चार आठवडे ओल्या मातीत

आम्हाला खरा फरक दिसला तो इथे. १४ आठवडे कोरडा ठेवलेला कंद एकदम जानेवारीच्या गरम कुंडीत लावला की त्याच्यासमोर एकाच वेळी दोन कामं येतात: मुळं काढायची आणि दांडा वाढवायचा. ट्युलिपची मुळं गार मातीतच नीट वाढतात. आपल्या हवेत दांडा घाईने वर येतो, खाली मुळंच नसतात, आणि पाणी असूनही कळी तहानेने वाळते.

म्हणून दहा आठवडे कोरडी थंडी झाली की कंद कुंडीत लावायचे आणि ती कुंडीच परत फ्रिजमध्ये ठेवायची, उरलेले चार-पाच आठवडे. १५ सेंटिमीटर तोंडाच्या आणि तितक्याच खोल प्लास्टिकच्या कुंडीत पाच कंद बसतात. एकमेकांना टेकू देऊ नका, पण जागाही फार सोडू नका. कंदाची एक बाजू चपटी असते, ती कुंडीच्या भिंतीकडे करा. पहिलं मोठं पान त्या बाजूने निघतं आणि बाहेर झुकतं, मधली जागा फुलांना राहते. तळाच्या चकतीवरची तपकिरी साल नखाने हलकेच सोलून काढा, मुळांची वाट मोकळी होते. शेंडा मातीच्या जेमतेम खाली राहिला तरी चालतं. सहा इंच खोल पुरण्याचा सल्ला वाचला असेल तर तो थंड प्रदेशातल्या वाफ्यांसाठी आहे.

मातीचं फार मनावर घेऊ नका. दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग जाड नदीची वाळू, एक भाग जुनं कुजलेलं खत. समुद्राची वाळू नको, मीठ बाधतं. चिऱ्याची तांबडी माती एकटी वापरू नका. ती ओली झाली की बसते, आणि आम्लही असते. घ्यायचीच असेल तर मूठभर घ्या आणि चिमूटभर चुना मिसळा. फ्रिजमध्ये माती ओलसर राहिली की पुरे. दहा-बारा दिवसांनी बोट लावून बघा.

कुंडी कधी काढायची हे कॅलेंडरपेक्षा कुंडीच सांगते. तळाच्या भोकांतून पांढरी मुळं डोकावली आणि वर फिकट पिवळा कोंब दोन बोटं उंच आला, की वेळ झाली. आठवडे पुरे झाले पण मुळं दिसत नसतील, तर आणखी आठवडाभर राहू द्या.

बाहेर काढल्यावर

पहिले तीन-चार दिवस बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीच्या, आतल्या बाजूला, उजेड असेल पण ऊन नसेल अशा जागी. कोंब हिरवा होतो. मग सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन आणि त्यानंतर सावली. दुपारी कुंडी घरातल्या सगळ्यात गार खोलीत नेता आली तर न्या. आमच्याकडे जुन्या घरातली मातीच्या भिंतींची मधली खोली त्यासाठी आहे. ज्यांच्याकडे रात्री एसी लागतो, त्यांनी कुंडी तिथे ठेवावी. प्लास्टिकची कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत बसवून मधे वाळू भरा आणि ती वाळू ओली ठेवा. माठातल्या पाण्यासारखी मुळं थोडी गार राहतात, विशेषतः सकाळी पूर्वेचा कोरडा वारा सुटतो त्या दिवसांत.

या टप्प्यावर दोन तक्रारी येतात. पहिली, फूल उमलतं पण अगदी पानांना चिकटून, दांडा चार बोटंही नाही. इथे थंडी मिळालेली असते, पण कमी; पुढच्या वर्षी दोन आठवडे वाढवा. काळा कागद गुंडाळून कोंबाला आठवडाभर अंधार दिला तर दांडा थोडा ताणतो, म्हणून आखूड वाटला की मी लगेच तेवढं करते. दुसरी तक्रार, कळी रंग धरते आणि एका सकाळी दांडा फुलाच्या खालीच मोडून पडतो. मोडण्याआधी तिथे पाणी भरल्यासारखा काचेरी डाग दिसतो. तो भाग वेगाने वाढला, पण कॅल्शियम पोचलं नाही. उष्णता आणि अपुरी मुळं ही त्याची कारणं. कोंब बाहेर आल्यापासून आठवड्यातून एकदा लिटरला २ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट पाण्यातून दिलं, तर हे कमी होतं. ट्युलिपला आपल्याकडे काही द्यायचंच असेल तर एवढंच.

जात निवडताना ट्रायम्फ गटातले कंद मागा. मजबूत, मध्यम उंचीचे, घरात फुलवायला त्यांच्याइतके भरवशाचे दुसरे नाहीत. डार्विन हायब्रिड उंच आणि सुंदर, पण आपल्या उष्णतेत दांडे लवतात. झालरीचे पॅरट आणि भरगच्च दुहेरी पाकळ्यांचे उशिरा फुलतात, जड असतात. पहिल्या वर्षी त्यांच्या फोटोंना भुलू नका.

कंद कुजला तर

फ्रिजमधून काढताना कंद हलका लागला, दाबल्यावर बसला, आंबूस वास आला, आणि सालीखाली पांढरी-गुलाबी खडूसारखी बुरशी दिसली, तर ती फ्युजॅरियम. तो कंद त्याच क्षणी बाहेर टाका, कारण असा कंद स्वतः इथिलीन सोडतो आणि पिशवीतल्या बाकीच्या कळ्या मारतो. दर पंधरा दिवसांनी पिशवी उघडून प्रत्येक कंद हातात घेऊन बघायचा तो एवढ्यासाठी. सालीवर नुसती निळी-हिरवी बुरशी असेल आणि आतला भाग टणक असेल, तर कोरड्या फडक्याने पुसा. तो कंद फुलतो. कंद लावल्यानंतर कुजला असेल तर पाणी जास्त झालं किंवा कुंडीचं भोक बुजलं.

उंदीर आणि घुशी यांना हा कंद आवडतो, कुळागराच्या बाजूला साळिंदरही येतं. कुंडीवर रात्री तारेची जाळी टाका.

पुढच्या वर्षी तोच कंद?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं मन मला कळतं, कारण कंद महाग असतात आणि फूल आपल्याकडे तीन-चार दिवसांत पाकळ्या पसरतं. एसीच्या खोलीत फार तर आठवडा. पण फुललेला मूळ कंद त्याच वर्षी संपतो. त्याच्या जागी नवे लहान कंद धरतात, आणि ते भरायला फूल गेल्यावर पानांना निदान सहा आठवडे गार हवेत उभं राहावं लागतं. आपल्याकडे फेब्रुवारीच्या शेवटी पानं पिवळी पडून आडवी होतात. खाली राहतात ते लसणाच्या पाकळीएवढे कंद, पुढच्या वर्षी एकेक पान देणारे. मी दोनदा जपून बघितले. आता खतात टाकते.

मेमध्ये त्याच कुंड्यांत मी सियाम ट्युलिपच्या गड्ड्या लावते. नावात ट्युलिप असलं तरी तो हळदीच्या कुळातला. गड्डीला खाली गोल पांढरे गोळे लोंबतात. काही ठिकाणी तो नुसताच ट्युलिप म्हणून विकला जातो, म्हणून तुमच्या पार्सलमधून आल्याच्या गड्ड्यासारखं काही निघालं तर ते फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने मरेल. त्याला आपला पाऊस आणि उकाडाच हवा. जुलैपासून गुलाबी तुरे येतात ते चवथीपर्यंत टिकतात. माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची चौकट, बांधायच्या गडबडीत त्या कुंड्यांशेजारी बसूनच मी नव्या कंदांची मागणी नोंदवते.